आधी उपकरणाला विचारा

जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी नव्याने टाकली की पडदा उजळतो, पण आवाज नसतो, नेटवर्क जोडलं जात नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडावा तर पिवळी उद्गारचिन्हं आणि 'अननोन डिव्हाइस' हा शेरा. इथे घाई होते. मिळेल ती सीडी घालायची, मिळेल तो ड्रायव्हर बसवून पाहायचा. त्यातला एखादा भलताच निघाला की निळा पडदा समोर उभा.

खरं तर ते उपकरण आपली ओळख सांगत असतं, आपण विचारत नाही. त्या ओळीवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स पाहावं. तिथे 'व्हेन'पुढे बनवणाऱ्याचा आणि 'डेव्ह'पुढे त्या चिपचा क्रमांक असतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. ड्रायव्हरसोबतची आयएनएफ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आपला क्रमांक तिच्यात सापडला, तर हा ड्रायव्हर याच चिपसाठी आहे. मग तो एक्सपीसाठी आहे ना आणि ३२ की ६४ बिटचा, एवढं पाहायचं उरतं. अंदाजाने केलेल्या दहा प्रयत्नांपेक्षा ही पाच मिनिटं मला मोलाची वाटतात.

दोषाचा कोडही नीट वाचावा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही. तिथे ड्रायव्हर बहुधा असतो, पण जुळत नसतो किंवा खोट दुसरीकडेच असते. आणि आवाज बंद आहे म्हणून बिघाड साउंड चिपमध्येच असेल असंही नाही. एक्सपीवर हाय डेफिनिशन ऑडिओला मायक्रोसॉफ्टचा बस ड्रायव्हर आधी लागतो. तो नसेल तर वरचा ड्रायव्हर कितीही अचूक असला तरी उपयोग नाही. म्हणून मी चिपसेटपासून सुरुवात करते, बाकीचं त्यानंतर.

एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ला थांबली. कारखान्यातलं एखादं यंत्र किंवा चांगला चालणारा स्कॅनर मात्र अजून त्याच संगणकावर अवलंबून असतो. केवळ एका फाइलपायी तो भंगारात जावा, हे मला सोसवत नाही. बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून जुने ड्रायव्हर कधी काढले जातील, याचा नेम नसतो. तेव्हा संगणक चालू आहे तोवरच ते उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावेत आणि सगळे क्रमांक कागदावर लिहून तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, पंख्यापासून दूर चिकटवावा.