नाताळांत बर्फ पडेल काय?

मननासाठीं वचनें : यशया ५५:१०, उपदेशक ११:४, लूक १२:५४–५६.



बेलपाडा येथें शब्बाथशाळेचीं मुलें नाताळाची तयारी करीत असतां आम्ही तेथें गेलों होतों. कोणी कामट्यांची चांदणी बांधीत होतें, कोणी गव्हाणीकरितां पेंढा आणिला होता, आणि दोन मुली सुरूच्या फांदीवर पिंजलेला कापूस पसरून बर्फ करीत होत्या. त्यांतल्या धाकटीनें आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, ह्या नाताळांत आपल्याकडे खराखुरा बर्फ पडेल का हो?" आम्ही उत्तर देण्यापूर्वींच तिच्या भावानें मोबाइल पाहून सांगून टाकिलें, "शून्य टक्के!" मुलगी हिरमुसली, बाकीचीं मुलें हंसलीं आणि पुन्हां कामास लागलीं. आम्हांला मात्र वाटलें कीं, प्रश्न लेंकराचा असला तरी तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. उद्यां काय होईल हें मनुष्यास कितपत कळतें, आणि जें कळत नाहीं त्याच्यापुढें त्यानें कसें वागावें, हें त्या प्रश्नाच्या पोटांत आहे.

त्या मुलाचें उत्तर बरोबर होतें, हें आधीं सांगितलें पाहिजे. बेलपाडा हें पनवेल तालुक्यांत, खारघरच्या डोंगरापासून जवळच असलेलें जुनें गांव. जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां उंच इमारती आहेत, आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून धांवूं लागलेल्या नवी मुंबईच्या मेट्रोच्या एका स्थानकास ह्याच गांवाचें नांव आहे. परंतु हवा बदललेली नाहीं. खाडी जवळ, समुद्र जवळ, त्यांची ऊब हिंवाळ्यांतही सुटत नाहीं. शेजारच्या मुंबईंत सांताक्रूझ येथें २२ जानेवारी १९६२ रोजीं पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला, तो तेथील नीचांक म्हणून अद्याप सांगतात. आणि तोसुद्धां पाणी गोठण्याच्या बिंदूहून सात अंश वरच. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं आणि सातपुड्यांतील कांहीं खेड्यांत कडाक्याच्या पहांटे गवतावर पांढरा थर दिसतो, आणि वर्तमानपत्रें "बर्फ पडला" असें छापतात. पण तो वरून पडलेला नसतो. रात्रीं जमिनीची ऊब उडून गेल्यावर पानावरील दंव जागच्या जागीं गोठतें, इतकेंच. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाईचें, तेंही १६४६ मीटर. एवढ्या उंचीनें ह्या उष्ण कटिबंधांत हिमवृष्टि होत नाहीं.

मग यशयाच्या ज्या वचनांत संदेष्टा पाऊस आणि हिम ह्यांना एकत्र जोडून देवाच्या शब्दाची उपमा देतो, त्यांतील अर्धी उपमा कोंकणांतल्या मंडळीस परकीच राहावी काय? आम्हीही बरींच वर्षें तसेंच समजत होतों. परंतु हवामानाचे अभ्यासक सांगतात तें ऐकण्यासारखें आहे. पावसाळ्यांत आपल्या डोक्यावर सुमारें पांच किलोमीटरांपलीकडे हवा गोठण्याइतकी थंड असते, आणि मोठे ढग त्याच्याही पुष्कळ वर चढतात. तेथें वाफेचे हिमकण होतात, ते एकमेकांस चिकटतात, खालीं येऊं लागतात, आणि उबदार थरांत शिरतांच वितळून थेंब होतात. म्हणजे आषाढांत पांडवकड्यावरून जें पाणी कोसळतें, त्यांतील पुष्कळ थेंब वाटेंत कोठें तरी हिम होते. बर्फ आपल्यावर पडतो, बंधूंनो. तो आपणांपर्यंत पोहोंचेस्तोंवर भाताला हवें तें रूप घेऊन येतो. संदेष्ट्यानें म्हटल्याप्रमाणें तो भूमि भिजविल्याशिवाय माघारा जात नाहीं. ईयोबास देवानें हिमाच्या भांडारांविषयीं विचारिलें, तेव्हां तो निरुत्तर झाला. आज त्या भांडारांत विमानें जातात, तरी तेथील सर्व जिनसांची यादी अद्याप कोणाच्या हातीं लागलेली नाहीं.

फांदीवरचा कापूस आला कोठून, हेंही जातां जातां सांगूं. पुष्कळांस वाटतें कीं तो प्रथमच्या मिशनरींनीं आणिला. १८१३ सालीं फेब्रुवारींत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मुंबईस उतरले, ते अमेरिकेच्या हिमाळ ईशान्य भागांतील होते हें खरें. पण त्या भागांतील जुन्या प्युरिटन मंडळ्यांना नाताळाचा सणच मान्य नव्हता, आणि मॅसॅच्युसेट्समध्यें १६५९ पासून १६८१ पर्यंत तो पाळणाऱ्यास दंड होत असे. बर्फाचा नाताळ पुढें चित्रांतून आणि भेटकार्डांतून आला. बेथलेहेमचें म्हणाल तर तें गांव सुमारें ७७५ मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या माथेरानाहून थोडेंसें खालीं आहे. तेथें बर्फ क्वचित् पडतो. डिसेंबर २०१३ मध्यें यरुशलेम आणि तो सारा डोंगराळ मुलूख हिमाखालीं गेला होता. प्रभूच्या जन्मरात्रीं काय हवा होती हें लूकानें लिहिलें नाहीं. मेंढपाळ रानांत होते एवढें लिहिलें आहे, आणि तें पुरेसें आहे. मुलींनीं कापूस लाविला तर लावूं द्यावा. त्यावरून वाद घालणाऱ्या वडील मंडळींस आमची इतकीच विनंती आहे.

आतां जेथें खरोखर बर्फ पडतो तेथें काय होतें तें पाहूं. इंग्लंडांत पंचविसाव्या तारखेच्या चोवीस तासांत एक जरी हिमकण पडतांना दिसला तरी सरकारी हवामान खातें त्यास पांढरा नाताळ म्हणतें. अमेरिकेंत त्या दिवशीं जमिनीवर निदान एक इंच थर लागतो. शब्द एक आणि मापें दोन; म्हणून कोणी शक्यता सांगूं लागला तर ती कशाची, हें आधीं विचारावें. तिकडील जे नकाशे नाताळापूर्वीं प्रसिद्ध होतात, ते १९९१ ते २०२० अशा तीस वर्षांच्या नोंदींवरून केलेले असतात. एखाद्या गांवीं तीसांपैकीं पंधरा नाताळ पांढरे झाले तर शक्यता निम्मी. ही मागील हिशेबाची गोष्ट झाली. येत्या नाताळाचें भाकीत नव्हे. भाकीत करावयाचें तर ब्रिटिश खातें स्वतःच सांगतें कीं, पांच दिवसांपलीकडे आम्हांस खात्रीनें बोलतां येत नाहीं. ह्याचें कारण १९६३ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लोरेंझ ह्यांनीं दाखविलें : आजच्या मोजमापांत केसाएवढी चूक राहिली तरी ती दिवसेंदिवस वाढत जाऊन कांहीं दिवसांनीं सारें चित्रच बदलून टाकते. यंत्र कितीही मोठें केलें तरी ती केसाएवढी चूक मनुष्याच्या मोजण्यांतून पुरती जात नाहीं.

आपल्या देशांत तर बर्फ आणि भाकीत ह्यांचा संबंध फार जुना आहे, आणि त्यांत एक दुःखाची कथा आहे. १८७५ सालीं हिंदुस्थानचें हवामान खातें स्थापन झालें. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्यांनीं १८८४ सालीं असें मांडिलें कीं, हिमालयावर वसंतांत बर्फ अधिक राहिला तर पुढील पावसाळा कमी होण्याचा संभव असतो. त्या आधारावर १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज नेमानें निघूं लागले, आणि पहिलीं कांहीं वर्षें ते बरे उतरले. लोकांचा विश्वास बसला. पुढें १८९९ सालीं ब्लॅनफर्डनंतरचे प्रमुख जॉन एलियट ह्यांनीं पाऊस सरासरीहून अधिक होईल असें सांगितलें. आणि पाऊस आलाच नाहीं. त्या वर्षाचा दुष्काळ गुजराथेंत आणि महाराष्ट्रांत अजून नांवानें आठवतात. १९०० सालीं पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं गुजराथेंतील अनाथ मुली शेंकड्यांनीं आणून सांभाळल्या, त्या ह्याच दुष्काळांतील.

एलियटसाहेब खोटें बोलले नव्हते. त्यांना जें दिसलें तें त्यांनीं सांगितलें. चूक अशी कीं, अंदाजाला लोकांनीं, आणि कदाचित् खात्यानेंही, वचन समजून धरिलें. पुढें कांहीं वर्षें हे अंदाज वर्तमानपत्रांस न देतां सरकारापुरते गुप्त ठेवण्यांत आले. १९०४ सालीं गिल्बर्ट वॉकर आले. त्यांनीं हिमालयाचा बर्फ हिशेबांतून टाकून दिला नाहीं, पण एकट्या बर्फावर भिस्तही ठेविली नाहीं. जगभरच्या नोंदी मागवून त्यांनीं दूरदूरच्या समुद्रांवरील हवेच्या दाबांचा आपल्या पावसाशीं मेळ घातला. चुकल्यावर गप्प बसणें किंवा पुन्हां तेंच ठासून सांगणें, ह्यांपेक्षां ही वाट अवघड आहे. आम्हां उपदेशकांसही ती सहसा साधत नाहीं.

आमचा प्रभु हवेचीं चिन्हें पाहणाऱ्यांस दोष देत नाहीं, हें लूकाच्या बाराव्या अध्यायांत नीट वाचावें. पश्चिमेस ढग चढला कीं सर येणार, दक्षिणेचा वारा सुटला कीं उकाडा होणार, हें तुम्हांस कळतें, असें तो मान्य करितो. तो रागावतो तें समोरच्या प्रसंगाकडे डोळेझांक करणाऱ्यांवर. तो पश्चिमेचा ढग भूमध्य समुद्रावरील. त्याच बाजूनें निघालेलीं वादळें हिंवाळ्यांत इराण व अफगाणिस्तान ओलांडून हिमालयास भिडतात. २०१६ च्या नाताळांत सिमल्यास बर्फ पडला तोही अशाच एका वादळाचा. तीं पुढें सरकलीं म्हणजे उत्तरेचा गार वारा खालीं उतरतो, आणि दोन-तीन दिवसांनीं आपल्या पनवेलीस पहांटे दांत वाजूं लागतात. आंब्याच्या मोहरास ही थंडी हवीच असते.

आणि जे दिवस प्रभूनें पित्याकडेच राखून ठेविले आहेत, त्यांचा हिशेब मांडणारे प्रत्येक काळांत निघतात. अमेरिकेंत विल्यम मिलर ह्यांच्या अनुयायांनीं प्रभूच्या येण्याचा दिवस २२ ऑक्टोबर १८४४ हा ठरविला; कित्येकांनीं त्या वर्षीं शेतांतील पीकही काढलें नाहीं. उपदेशकाच्या पुस्तकांत वाऱ्याकडे पाहत बसणाऱ्या शेतकऱ्याविषयीं जें सांगितलें आहे, तें ह्यांच्या शेतांत अक्षरशः घडलें.

तें आमच्या अंगणांतही घडलें आहे, म्हणून हें लिहिण्यास बसलों. मागील एका वर्षीं मंडळीनें इमारतींच्या कामावर राबणाऱ्या मजुरांकरितां घोंगड्या आणि गोधड्या जमविल्या होत्या. पत्र्याच्या खोपटांत राहणारीं तीं माणसें परमुलखांतील. नाताळाच्या गडबडीचा आठवडा. आम्हीं मोबाइल पाहिला, रात्री उबदार राहतील असें त्यावर होतें, आणि वांटप पुढल्या रविवारावर ढकललें. मंडळीनेंही मान डोलाविली. तिसऱ्या रात्रीं उत्तरेचा वारा सुटला. पहांटे एक मजूर बाई तान्ह्या मुलास लुगड्याच्या पदरांत गुंडाळून आमच्या दारीं आली. मुलाचा श्वास लागला होता. रिक्षा करून तें इस्पितळांत नेलें. आठ दिवस लागले, मूल वांचलें. त्या आठ दिवसांत कोणी कोणी आमचें समाधान करावयास सांगत कीं, अंदाजच चुकला, तुम्ही तरी काय करणार? अंदाज चुकला खरा. परंतु घोंगड्या उपासनामंदिराच्या कपाटांत घडी घालून ठेविल्या होत्या, आणि किल्ली आमच्या खिशांत होती. त्या बाईनें आम्हांस कांहींच म्हटलें नाहीं. ती पाणी पिऊन उठली आणि कामावर गेली, कारण तिचा त्या दिवसाचा रोज बुडणार होता.

ह्या वर्षीं मंडळीच्या सभेंत असें ठरलें आहे कीं, आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारीं उपासना आटोपतांच सर्वांनीं मिळून खोपटांकडे जावें, आणि त्या दिवशीं हवा कशी आहे हें कोणीं पाहूं नये. शब्बाथशाळेच्या मुलींनीं फांदीवरून उरलेला कापूस दोन दुपट्यांत भरण्याकरितां दिला आहे. ज्यांच्या घरीं जुनीं लुगडीं, गोधड्या किंवा लेंकरांचे गरम कपडे असतील, त्यांनीं ते धुवून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत पाळकांच्या घरीं पोहोंचवावे.