स्वतःच्या पडझडीचा विमा

आपल्याच घराच्या पडझडीचा विमा कोणी स्वतःच विकील काय? वाचक हसतील; पण गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील काही मातबर कंपन्यांनी नेमका हाच व्यवहार केला.

त्याला ‘पुट ऑप्शन’ म्हणतात. कंपनी म्हणते, ‘आज माझा शेअर ऐंशी डॉलरला आहे. मला थोडे पैसे द्या. ठरल्या मुदतीत भाव कितीही कोसळो, मी तो सत्तरला घेईन.’ भाव टिकला की वचन विरते आणि पैसे कंपनीच्या पदरी राहतात. शिवाय तिकडच्या कायद्याने या मिळकतीवर प्राप्तिकर नाही! मायक्रोसॉफ्टने १९९८ ते २००० या तीन हिशेबी वर्षांत असे १७७ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. जून २००० अखेर ६९ ते ७८ डॉलर दराने १५ कोटी ७० लाख शेअर घेण्याचे वचन तिच्या डोक्यावर होते. वर्ष सरता सरता भाव पन्नासाच्या खाली आला.

कंपनी बुडाली नाही. तिजोरी भरलेली होती. वचने घेणारेही भाबडे नव्हते, तेव्हा ‘हा सट्टा, म्हणून पाप’ एवढ्यावर मी थांबणार नाही. व्यवहाराचे समर्थक म्हणत, कंपनीला आपले शेअर परत घ्यायचेच होते, मग त्यासाठी आगाऊ पैसे का मिळवू नयेत? युक्तिवाद बिनतोड दिसतो.

पण पंचेचाळिसाच्या वस्तूला सत्तर मोजायचे झाले, तर वरचे पंचवीस कोणाचे? जे शेअर धरून बसले त्यांचे. भाव पडल्याने त्यांचे एकदा गेलेच होते. वर वचन पाळण्यापायी पुन्हा गेले. कंपनीवर विश्वास ठेवून जो थांबला, त्याच्याच खिशातून पडझडीवर पैसे लावणाऱ्याला द्यायचे. पगाराचा भाग म्हणून शेअरचे हक्क घेतलेला नोकरही याच रांगेत. एखाद्याने स्वतःचे घर असे गहाण टाकले, तर तो त्याचा प्रश्न. इथे घर अनेकांचे होते.

लपवाछपवी नव्हती, वार्षिक अहवालाच्या टिपांत सारे छापलेले होते. आम्ही शाळेतही फलकावर सूचना लावतो. मात्र मुलांना सहलीला न्यायचे, तर कागद घरी पाठवून पालकांची सही आणवतो. शेअरच्या पुनर्खरेदीच्या योजनेला मंजुरी होती, ती संचालक मंडळाची.