तत्त्ववेत्ता आणि शेजारचा कोंबडा

मोठ्या दुःखाला कसे सामोरे जावे, हे शिकविणारे ग्रंथ जगात पुष्कळ आहेत. मृत्यू, दारिद्र्य, अपमान, छळ यांविषयी संत आणि तत्त्ववेत्ते भरभरून बोलले आहेत. परंतु शेजारच्या घरी अवेळी आरवणाऱ्या कोंबड्याचे काय करावे, याविषयी फारसे कुणी लिहिलेले नाही. तो विषय क्षुल्लक मानला जातो. आणि तरीही, वाचकहो, आपल्यापैकी किती जणांचा दिवस मोठ्या दुःखाने बिघडतो आणि किती जणांचा अशा एखाद्या कोंबड्याने, याचा विचार करून पाहावा. क्षुल्लक सुखे आणि क्षुल्लक कटकटी यांना नीतीच्या प्रांतात काही स्थान आहे काय, असा आमचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी आम्ही एका प्राध्यापकाच्या घरात डोकावणार आहोत.

हा प्राध्यापक म्हणजे इमॅन्युएल कांट. पूर्व प्रशियातील कोनिग्जबर्ग या बंदराच्या शहरी 1724 साली घोड्यांचे चामडी साज बनविणाऱ्या कारागिराच्या घरी तो जन्मला आणि 1804 साली त्याच शहरी वारला. आज ते शहर रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राड आहे. तत्त्वज्ञान शिकलेल्या प्रत्येक धर्मगुरूची कांटशी गाठ पडते. त्याच्या ‘शुद्ध बुद्धीची मीमांसा’ या 1781 सालच्या ग्रंथाचा समावेश 1827 साली आपल्या ख्रिस्तसभेने निषिद्ध ग्रंथांच्या यादीत केला होता. ती यादी आता इतिहासजमा झाली आहे. परंतु ग्रंथांतला कांट आज बाजूला ठेवू या. आम्हांला रस आहे तो न्याहारीच्या मेजावरच्या कांटमध्ये.

त्याची सुखे साधी होती. पहाटे पाचाला उठून तो पातळ चहाचे एकदोन पेले घेई आणि तंबाखूची एकच चिलीम ओढी. सातच्या सुमारास व्याख्याने सुरू होत. 1755 पासून 1770 पर्यंत, म्हणजे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी प्राध्यापकपद मिळेपर्यंत, तो मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीवर जगला. पूर्व प्रशियाच्या बाहेर कधी न गेलेला हा मनुष्य भूगोलही शिकवी! उतारवयात त्याचे दुपारचे जेवण हा एक सोहळा असे. पाहुणे तिनांहून कमी नकोत आणि नवांहून अधिक नकोत, असा दंडक होता. मेजावर कॉड मासा आणि थोडी तांबडी द्राक्षमदिरा असे. मोहरीची चटणी तो जातीने कालवी. विचार करणाऱ्या माणसाने एकट्याने जेवणे प्रकृतीस घातक आहे, असे त्याचे ठाम मत होते. त्यानंतरच्या फेरफटक्यावरून शहरातील लोक आपली घड्याळे लावीत, ही दंतकथा तर सर्वश्रुत आहे.

कॉफीचा मोह त्याने आयुष्यभर टाळला, कारण ती प्रकृतीला अपायकारक आहे अशी त्याची समजूत होती. म्हातारपणी मात्र तिची चटक लागली. त्या वर्षांत त्याची देखभाल करणारा वाझियान्स्की हा धर्मोपदेशक लिहितो, की कॉफी येण्यास क्षणभर उशीर झाला तरी कांटला धीर धरवत नसे. ‘आता येईलच’ असे कुणी म्हटले, तर ‘येईल’ या भविष्यकाळावरच तो बोट ठेवी. परलोकात कॉफी नसेल आणि म्हणून तिची वाट पाहणेही नसेल, असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेई. जिन्यावर नोकराची पावले वाजली, की भूमी दृष्टीस पडलेल्या खलाशासारखा तो आनंदाने ओरडे. ज्याने काळाच्या स्वरूपाविषयी पाने भरली, त्याला कॉफीच्या एका पेल्याइतका काळही सोसवत नव्हता!

आता कटकटी. एकदा वर्गात समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या कोटाचे एक बटण तुटलेले होते. त्या रिकाम्या जागेने कांटचे चित्त वारंवार विचलित झाले. परंतु तीन कटकटी विशेष विचार करण्याजोग्या आहेत. पहिली कोंबड्याची. कांट भाड्याच्या जागेत राहत असता शेजारचा कोंबडा त्याच्या चिंतनात व्यत्यय आणी. मागाल ती किंमत देऊन तो विकत घेण्याची त्याने तयारी दाखविली. मालकाने नकार दिला. कोंबडा एखाद्या विद्वानाला त्रास कसा देऊ शकतो, हेच त्याला उमजेना. अखेरीस कांटनेच बिऱ्हाड हलविले.

दुसरी कटकट त्याच्या स्वतःच्या घरातली. 1783 साली त्याने किल्ल्याजवळ घर घेतले. जवळच तुरुंग होता. तेथील कैदी खिडक्या उघड्या टाकून मोठमोठ्याने भक्तिगीते गात. कांटने 1784 च्या जुलै महिन्यात आपला मित्र आणि शहराचा महापौर हिप्पेल यास पत्र लिहिले आणि खिडक्या लावून गायिल्याने कैद्यांच्या तारणास बाधा येणार नाही, असे सुचविले. तो राग इतका मुरला, की 1790 च्या एका ग्रंथाच्या तळटीपेतही घरगुती भक्तिगीतांच्या गोंगाटाचा शेजाऱ्यांस कसा उपद्रव होतो, हे त्याने नोंदवून ठेवले. आमच्या धर्मग्रामांतील ध्वनिक्षेपकांची आठवण झाली, म्हणजे या तळटीपेला अगदीच निराधार म्हणवत नाही.

तिसरी कटकट वृद्धपणीची. तिन्हीसांजेला शेकोटीजवळ बसून दूरच्या लोबेनिख्ट चर्चच्या मनोऱ्याकडे पाहत विचार करण्याची त्याला सवय होती. शेजारच्या बागेतील पॉप्लरची झाडे वाढली आणि मनोरा दिसेनासा झाला. कांटचा विचारच खुंटला. शेजारी मोठ्या मनाचा होता. हे कळताच त्याने झाडांचे शेंडे छाटून घेतले.

याच माणसावर 1794 साली खरे संकट आले होते. धर्मविषयक लेखनाबद्दल प्रशियाच्या राजाने त्याला कडक ताकीद दिली. सत्तरीतल्या प्राध्यापकाने शांतपणे, तोलून मापून उत्तर लिहिले, त्या विषयावर बोलण्याचे थांबविले आणि आपले काम चालू ठेवले. राजाच्या रोषाने ज्याचे बिऱ्हाड हलले नाही, त्याचे बिऱ्हाड कोंबड्याने हलविले होते.

असे का व्हावे? आमच्या मते मोठे संकट माणसाला सावध करते. ते आले, की आपण उभे राहतो, धैर्य गोळा करतो, प्रार्थना करतो. चार माणसे धीर द्यायला येतात. कटकट मात्र बेसावध गाठते. ती सोसल्याबद्दल कुणी पाठ थोपटत नाही. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक कटकटीमागे बहुधा एक माणूस उभा असतो आणि चिडलेल्या डोळ्यांना तो दिसत नाही. कांटला गोंगाट ऐकू आला. गाणारे कैदी ऐकू आले काय? त्या कोंडलेल्या जिवांना गाण्याखेरीज दुसरे कोणते सुख होते? मनुष्याला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये, हे प्रसिद्ध तत्त्व कांटने त्या पत्रानंतर अवघ्या एका वर्षाने, 1785 साली, छापून प्रसिद्ध केले. विचारवंताला शांतता लागते, ही त्याची मागणी रास्तच होती. परंतु कोंबड्याच्या मालकाशी तो बरोबरीने बोलला आणि स्वतः झळ सोसली; कैद्यांच्या बाबतीत मात्र त्याने वरून हुकूम निघावा म्हणून खटपट केली. समोरचा दुर्बळ असला, की आपल्या तक्रारीला असा जवळचा मार्ग सापडतो. नीतीची खरी परीक्षा आम्हांला येथे दिसते.

सुखांचेही तसेच. पहाटे पाचाला कांटला उठविणारा मार्टिन लाम्पे हा निवृत्त सैनिक होता. कितीही विनवणी केली तरी मला निजू देऊ नकोस, अशी त्याला सक्त आज्ञा होती. आपल्याला कधी दोनदा उठवावे लागले काय, असे कांट पाहुण्यांदेखत लाम्पेला विचारी आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकून सुखावे. मात्र त्यासाठी लाम्पेला रोज पाचाच्या आधी उठावे लागे, सुमारे चाळीस वर्षे! पुढे लाम्पेचे मद्यपान आणि उर्मट वागणे वाढले आणि 1802 साली कांटला त्याला काढावे लागले. त्याने त्याला निवृत्तिवेतन दिले, आणि लाम्पे हे नाव आता पूर्णपणे विसरायचे, असे टिपणवहीत लिहून ठेवले. विसरण्यासाठी लिहून ठेवावे लागते, यातच त्या नात्याची खोली आली. आपल्या प्रत्येक नियमित सुखामागे असा कुणी लाम्पे असतो. घरातल्या प्राध्यापकाचा, कारकुनाचा, किंवा आम्हां धर्मगुरूंचाही, सकाळचा वाफाळलेला चहा आपोआप उकळत नाही.

तेव्हा क्षुल्लक सुखदुःखे नीतीच्या बाहेरची नाहीत. सुख मिळाले असता ते कुणाच्या हातून आले आणि कटकट झाली असता तिच्यामागे कोण आहे, हे दोन प्रश्न रात्रीच्या आत्मपरीक्षणात विचारण्याजोगे आहेत. कटकट निमूटपणे सोसावीच, असे आम्ही म्हणत नाही. कोंबड्याची किंमत विचारावी, झाडांविषयी शेजाऱ्याला नम्रपणे सांगावे. मात्र माणसाकडे पाहून सांगावे.

कांट स्वतः या परीक्षेत अखेरीस उत्तीर्ण झाला, असे आम्हांला वाटते. मृत्यूपूर्वी काही दिवस डॉक्टर त्याला पाहावयास आले. अशक्तपणामुळे त्याला उभे राहवत नव्हते, शब्दही धड फुटत नव्हते. तरी पाहुण्याने आसन घेईपर्यंत तो बसावयास तयार होईना. डॉक्टर बसल्यावरच तो बसला आणि माणुसकीची जाणीव आपल्याला अजून सोडून गेलेली नाही, अशा अर्थाचे काही बोलला. त्या वेळी स्मरणशक्ती गेली होती, ग्रंथ गेले होते, कॉफीची गोडीही सरली असेल. समोर माणूस आहे, एवढे मात्र त्याला दिसत होते.