कयाधूला आधी काय मिळालं?

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ७, अध्याय ७.

प्रह्लादाने आईच्या पोटात असताना नारदांचा उपदेश ऐकला, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. गर्भसंस्काराचा विषय निघाला की ती येतेच. तिच्याच जोरावर मी बायकोचं टाइमटेबल केलं होतं. सकाळी विष्णुसहस्रनाम, रात्री गीतेचा एक अध्याय, आणि टेन्शन अजिबात घ्यायचं नाही. (असं सांगून कुणाचं टेन्शन गेलंय?)

सुरुवातीला तिला फोडणीचा वाससुद्धा सहन होत नव्हता. उलट्या थांबल्या तर आयर्नच्या गोळ्यांनी पोट साफ होईना. आता सातवा महिना. छातीत जळजळ, आणि डाव्या कुशीवर झोपून झोपून खांदा अवघडलेला. परवा रात्री मी मोबाईलवर अध्याय लावला आणि ती रडायलाच लागली. "बाळ काय ऐकतंय याची काळजी आहे तुला. मी दोन तास जागी आहे, ते दिसलं का?" मग थोड्या वेळाने, हळूच : "मी अशी रडते, त्याचा बाळाला त्रास होईल का रे?"

म्हणजे त्रास तिला आणि अपराधी वाटणंही तिलाच. ते ओझं मी दिलं होतं, देवाचं नाव घेऊन.

काल तोच अध्याय पुन्हा वाचला. हिरण्यकशिपू तपाला गेलाय, इंद्र कयाधूला ओढून नेतोय, ती रडतेय. नारद आधी इंद्राला अडवतात, तिला सोडायला लावतात. आश्रमात नेतात, नवरा येईपर्यंत इथेच राहा म्हणतात. उपदेश त्यानंतर! आणि प्रह्लाद स्वतःच सांगतो की पुढे आई तो उपदेश विसरून गेली. त्याला मात्र नारदांच्या कृपेने आठवत राहिला. घाबरलेली, रडलेली, विसरलेली आई, आणि मुलगा प्रह्लाद.

मी थेट उपदेशालाच हात घातला होता. खरं सांगायचं तर घाबरलेलो मीही आहे. डिलिव्हरी नीट होईल ना, पैसे पुरतील ना, मला बाप होणं जमेल का. ते बोलता येत नाही म्हणून मी अध्याय लावतो.

तिची उदासी आठवडेच्या आठवडे राहिली, तर डॉक्टरांना सांगायचं असं ठरवलंय. भक्ती कमी पडली म्हणून ती येत नाही.

काल रात्री मोबाईल बाजूला ठेवला. तिच्या पाठीला उशी लावली, पाय चेपले, आणि मला कशाकशाची भीती वाटते ते एकेक सांगत बसलो. ऐकता ऐकता ती झोपली. अध्याय राहिला.