सही कोणाची?

टीसीएस या संगणक कंपनीने २०२५ साली बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, त्या आठवड्यात त्यावरून आमच्या कुरुंदवाडात जेवढी चर्चा झाली, तेवढी श्रावण लागूनही पंचगंगेच्या पाण्याची झाली नाही. आणि नदीकाठचा माणूस नदी सोडून नोकरीविषयी बोलू लागला, की पुण्याच्या हिंजवडीतले दुखणे त्याच्या माजघरापर्यंत पोहोचले असे खुशाल समजावे. बातमीचा मला विषाद वाटला. संताप आला तो, ज्या एका वाक्याने जो तो तिच्यावर पांघरूण घालीत होता, त्या वाक्याचा. ‘अहो, कृत्रिम बुद्धीचे यंत्र कोणाची नोकरी घेत नाही, ते यंत्र वापरता येणारा माणूस ती घेतो!’

एखाद्या मुरब्बी मुनशीनेही तोंडात बोट घालावे, अशी या वाक्याची मखलाशी आहे. यंत्र निर्दोष ठरते. ज्याने ते विकत घेतले, पगारपत्रक पुढे ओढले आणि नावांवर रेघा मारल्या, तो मालक वाक्यात कोठेच सापडत नाही. उरतात दोन नोकर, आणि त्यांनी आपसात काय ते पाहून घ्यावे! शेजारच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला, तेव्हापासून हा हिशेब आमच्या मुलखाला अपरिचित नाही. एक माणूस चार माग पाहू लागला, तर उरलेल्या तिघांना उपदेश करायचा, की बाबांनो, तुम्हीही चार माग पाहायला शिका. तिघेही शिकले, अगदी उत्तम शिकले, तरी माग चारच राहतात आणि हजेरीपुस्तकात नाव एकाचेच लागते. पुढे इचलकरंजीत माग वाढले, हे मला ठाऊक आहे. पण ते वाढेपर्यंतची वर्षे रिकाम्या हाताने ज्याने काढली, त्याला या दाखल्याचे सांत्वन पुरत नाही.

हे तत्त्वज्ञान मला ऐकविणारे सद्गृहस्थ निवृत्तिवेतनधारी होते, आणि ते उभे होते वाढदिवसाच्या अशा एका फलकाखाली, ज्यावरील ‘हार्दिक’मधली दि दीर्घ होती. पूर्वी गावचा पेंटर ह्रस्वदीर्घाचा थोडाबहुत मुलाहिजा राखून पाट्या रंगवीत असे. त्याला फ्लेक्सने घरी बसविले, आणि आता फ्लेक्सच्या दुकानात अक्षरे जुळविणारा मुलगाही त्याच वाटेवर आहे. या साऱ्या उलथापालथीत अशुद्धलेखनाची नेमणूक तेवढी कायम राहिली.

बँकांत संगणक आले तेव्हाही ओरड झालीच होती, असे दुसरे कोणी म्हणतात. पण तेव्हा संघटनांनी १९८३ साली करार करून यंत्रांना मर्यादा घालून घेतली होती, हे सांगायचे ते विसरतात. आताच्या कपातीचे कारण यंत्र नसून कौशल्याची विसंगती आहे, असे टीसीएस म्हणते. म्हणो बापडी.

महापूर आला की आलमट्टी धरणाचे दरवाजे कोणाच्या हुकमाने बंद राहिले, असा जाब विचारणारे आम्ही लोक. पाऊस निसर्गाचा असला तरी दरवाजा माणसाचा, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. मग नोकऱ्या वाहून जाताना तेवढा तो काळाचा महिमा कसा होतो? यंत्राशी माझे वैर नाही. त्याने गावातील फलकांचे ह्रस्वदीर्घ सुधारले, तर त्याच्या नेमणुकीस मी स्वतः अनुमोदन देईन. माणसे कमी करण्याचा हुकूम मात्र ज्याने काढला, त्याने तो आपला म्हणून कबूल करावा, एवढेच मागणे आहे. ते तरी कोण पुरवतो म्हणा!

यंत्रसामग्रीतील वा कार्यपद्धतीतील सुधारणेने कामगारकपात होण्याचा संभव असेल, तर बदलापूर्वी एकवीस दिवसांची नोटीस द्यावी, असे १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने, तो २०२५ साली रद्द होईपर्यंत, लिहून ठेवले होते. संगणकापुढे बसणारा अभियंता ‘कामगार’ ठरतो की नाही, यावर वकील भांडत बसतील. ज्यांची मुले पुण्याला आहेत त्यांनी तोवर मुलांना एवढे कळवावे, की राजीनामा मागितला गेला तर आधी तो हुकूम लेखी मागा, आणि खाली सही कोणाची आहे ते वाचा.