सिस्टरचे हात हवेत, मग निर्णय का नको?

आपल्या रामाकोना गावचा माणूस दुखणं अंगावर काढतो आणि असह्य झालं की सौसर, नाहीतर थेट नागपूर गाठतो. पण बीपी, शुगर, सिकलसेल ही एका फेरीत संपणारी दुखणी नाहीत. गोळी रोज लागते, तपासणी वारंवार लागते. संत्रा तोडीच्या दिवसांत मजुरी बुडवून दर महिन्याला शहरात कोण जाणार? म्हणून गोळ्या सुटतात आणि एक दिवस घरचा कमावता माणूस लकव्याने अंथरुणाला खिळतो.

अशा आजाराला गावाजवळ राहणारं, रोग्याचं घर ओळखणारं जाणतं माणूस हवं. अमेरिकेत कोलोरॅडोत १९६५ साली नर्सला तपासणी-उपचाराचं वाढीव शिक्षण देऊन अशी परंपरा सुरू झाली. आपल्याकडे २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) नेमले जाऊ लागले. त्यांत बहुसंख्य नर्सिंग शिकलेले आहेत. तिशीपुढच्यांचं बीपी-शुगर तपासणं, डॉक्टरांनी ठरवलेली औषधं चालू ठेवणं, गरज पडल्यास वर पाठवणं हे त्यांचं काम. २०१९ च्या वैद्यकीय आयोग कायद्याने अशा आरोग्यसेवकांना उपचाराचा मर्यादित परवाना देण्याची तरतूदही केली.

लोक विचारतात, "नर्स चुकली तर?" प्रश्न रास्त आहे. उत्तरही आहे: लेखी उपचारपद्धती, अधिकाराची स्पष्ट सीमा आणि फोनवर उपलब्ध डॉक्टर. पण हा प्रश्न आपण झोलाछापाला कधी विचारतो? त्याच्या सलाईनला पैसे मोजतो आणि शिकलेल्या बाईच्या सल्ल्यावर शंका घेतो. यात काळजी कमी आणि बाईच्या बुद्धीवरचा अविश्वास जास्त आहे. गडचिरोलीत बंग दाम्पत्याच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांच्या उपचारासाठी तयार केलं, तेव्हाही शंका घेतल्या गेल्या. बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

१ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. रक्त तपासून कार्ड वाटलं म्हणजे काम संपत नाही. सिकलसेलवरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध घेणाऱ्या पोराच्या रक्तपेशी वरचेवर मोजाव्या लागतात. ही पाळी सांभाळणार कोण?

ग्रामसभेने हे विचारलं पाहिजे: उपकेंद्रात महिनाभर पुरतील एवढ्या गोळ्या आहेत का? शुगर तपासायच्या पट्ट्या आहेत का? सिस्टरला राहायला सुरक्षित जागा, वेळेवर पगार, पुढच्या शिक्षणाची संधी आहे का? आणि तिने "गोळी बंद करू नका" असं बजावलं, तर ते डॉक्टरच्या शब्दाइतकं मानण्याची आपली तयारी आहे का? हे मागणं आणि हे मानणं, दोन्ही गावाचं कर्तव्य आहे.