उधळपट्टी कोणाची?

मराठीच्या तासाला एका मुलाने विचारले, "सर, इसराफला मराठीत काय म्हणायचे?" आम्ही फळ्यावर 'उधळपट्टी' लिहून मोकळे झालो. घरी आल्यावर मात्र ते उत्तर अपुरे वाटू लागले.

मराठीत गुलाल उधळतात, जेजुरीला भंडारा उधळतात. घोडाही उधळतो. म्हणजे या शब्दात आनंद आहे तसे बेभान होणेही आहे. अरबीत दोन शब्द आहेत. 'तब्जीर' हा 'बज्र' म्हणजे बियाणे यावरून आला. बी विखरावे तसा पैसा विखरून टाकणे. उधळपट्टी अर्थाने याची सख्खी बहीण. 'इसराफ'ची व्याप्ती मोठी, हद्द ओलांडणे. सूरए आराफमध्ये तो खाण्यापिण्यासंबंधी येतो, तर सूरए जुमरमध्ये स्वतःच्याच जिवावर ज्यादती करणाऱ्यांसाठी. तिथे पैशाचा विषयच नाही. सूरए फुरकानमध्ये इसराफबरोबर कंजूषपणाही नाकारला आहे. (ही दुसरी बाजू आमचे वाइज सहसा विसरतात.)

पण हद्द ठरवायची कोणी? एकदा ईदनंतर एका मुलाकडे वह्या नव्हत्या, पायात मात्र नवे कोरे बूट. त्याची विधवा आई शाळेत आली तेव्हा आम्ही सर्वांदेखत म्हणालो, "ही फुजूलखर्ची कशाला?" बाई खाली बघत म्हणाल्या, "सर, साल में एक बार तो बच्चा दूसरे बच्चों जैसा दिखे."

त्याच वर्षी आम्ही धाकट्या बहिणीच्या लग्नात पतपेढीचे कर्ज काढून सहाशे माणसे जेवू घातली होती. बहीण म्हणत होती, "भाईजान, मशिदीत साधा निकाह करा, त्या पैशात माझे बी.एड. होईल." आम्ही ऐकले नाही. दोन देगा बिर्याणी उरली, ती दुसऱ्या दिवशी आंबली. मोहल्ल्यात कोणी त्याला इसराफ म्हटले नाही. इमामसाहेबांनीही नाही, तेही जेवायला होते. आपल्याकडे त्याला इज्जत म्हणतात. बहीण आता सासरी मुलांना घरीच शिकवते. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

दुसऱ्या दिवशी वर्गात 'वाक्यात उपयोग करा' हा भाग आला. बुटांचे वाक्य सोपे होते. आम्ही ते न लिहिता लिहिले, "सरांनी बहिणीच्या लग्नात उधळपट्टी केली."

पहिल्या बाकावरचा मुलगा लगेच म्हणाला, "पण सर, वो तो शादी थी!"